सख्खी बहीण असताना चिक्कडपल्लीच्या लॉजवर

या ब्लॉगचे जुने वाचक मला अधूनमधून एक प्रश्न विचारतात. बिदर झालं, विजापूर झालं, कोलकात्यात ट्रामच्या खडखडाटात काढलेले सहा दिवस झाले, मग परभणीहून एका रात्रीत पोचता येणाऱ्या हैदराबादवर तुम्ही एक ओळही का लिहीत नाही? मी आजवर उत्तर टाळत आलो. खरं उत्तर असं आहे की हैदराबादला माझी सख्खी बहीण राहते.

शैलाताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आमच्या मराठवाड्यातल्या आधीच्या दोन पिढ्या शिकायला हैदराबादलाच जायच्या, त्या सवयीनं बाबांनी तिलाही एम. ए. करायला तिकडे पाठवलं. तिथे ती पथनाट्यवाल्यांच्यात गेली. चौकाचौकात उभं राहून भाववाढीवर, हुंड्यावर, पोलिसांवर नाटकं करायची, लोकांनी टाकलेल्या पैशांत चहा प्यायचा. त्याच मंडळींतल्या यादगिरी नावाच्या तेलुगू मुलाशी तिनं लग्न केलं. तो छापखान्यात खिळे जुळवायचा. बाबांनी घरात जाहीर केलं की आपल्याला एकच अपत्य. तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो.

सोळाव्या वर्षी माझं काही चालत नव्हतं, हे मी स्वतःला खूप वर्षं सांगितलं. पण माझं लग्न झालं तेव्हा मी नोकरीला होतो. एक पत्रिका मला टाकता आली असती. टाकली नाही. नंतर मोबाईल आले, तिनंच कुठून तरी माझा नंबर मिळवला आणि दर दिवाळीला फोन सुरू झाले. तिकडे ती शाळेत शिकवायची. एकदा शाळेची सहल घेऊन मनमाडकडे चालली होती. गाडी परभणीला थांबते तेवढ्या वेळात मी फलाटावर जाऊन तिला दशम्यांचा डबा दिला. आमचं घर स्टेशनापासून पंधरा मिनिटांवर आहे. "परतताना उतर" एवढं काही माझ्या तोंडून निघालं नाही.

आई-बाबा आता दोघंही नाहीत. अडवणारं कुणी उरलं नाही, मी सोडून. गेल्या दिवाळीच्या फोनवर ताई म्हणाली, "साठ लागलं मला. एकदा येऊन जा की बाळ्या. घर तरी बघ." मी येतो म्हणालो, आणि संक्रांतीनंतरच्या आठवड्यातलं तिकीट काढलं. मग नेहमीच्या सवयीनं लॉजही ठरवून टाकला. अडतीस वर्षं जिला घरात घेतलं नाही तिच्या घरी कुठल्या तोंडानं पथारी पसरायची, असा माझा विचार होता. आपण फार समजूतदारपणे वागतोय असंही वाटत होतं. लॉजबद्दल तिला काही कळवलं नाही.

पहिला दिवस

गाडी सकाळी नऊच्या सुमारास काचीगुड्याला पोचली. बाहेर पडलात की रिक्षावाले गराडा घालतात. पहिला आकडा ऐकून हसायचं आणि चालू लागायचं, दहा पावलांवर तो निम्म्यावर येतो. मी शंभर रुपयांत गेलो. नारायणगुड्यावरून डोक्यावरच्या मेट्रोच्या सावलीतून रस्ता जातो आणि चिक्कडपल्लीच्या अलीकडच्या गल्लीत वळला की शहराचा आवाज निम्मा होतो. विजेच्या तारांवर संक्रांतीच्या फाटक्या पतंगांची दाटी होती. दारापुढच्या रांगोळ्या पुसट झाल्या होत्या.

लॉजचं नाव मी लिहीत नाही. "नाव टाकू नका, मोठ्या बॅगावाले लोक येतात आणि लिफ्ट मागतात," असं मॅनेजरनंच सांगितलंय. तुम्ही शोधलात तर सापडेल: तीन मजली, पिवळा, जिन्याला लाल सिमेंट, तळमजल्यावर एकेकाळचा छापखाना आणि आता कुलूप. खोली आठशे रुपये, पंखा आहे, एसी नाही. गरम पाणी सकाळी सहा ते आठ बादलीनं. चादरी स्वच्छ. उशीबद्दल बोलू नये, स्वतःची न्यावी. खिडकीतून समोरच्या घरातली ताकाची घुसळण ऐकू येते, ते मात्र फुकट.

मॅनेजर सत्यम सत्तरीचे, कपाळाला गंध, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. रजिस्टरमध्ये 'येण्याचे कारण' असा रकाना होता. मी लिहिलं, नातेवाइकांना भेटणे. त्यांनी ते वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"रिश्तेदार यहींच हैं?"

"हो, इथंच. चिक्कडपल्लीत. बहीण."

"सगी बहन? तो फिर लॉज कायकू, सर?"

मी त्यांना ब्लॉगच्या वरच्या पट्टीत लिहिलेलं माझं तत्त्व सांगितलं. कुणाला त्रास द्यायचा नाही, आपला आपण मोकळा. तीस गावांत असाच राहिलोय. ते "हौ" म्हणाले आणि किल्ली माझ्याकडे सरकवली. त्यांच्या 'हौ'मध्ये होकार नव्हता हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

खोलीत सामान टाकून मी त्यांच्या मागे गच्चीवर गेलो. या गच्चीची कीर्ती मी ऐकून होतो. चाळीसेक वर्षांपूर्वी या पाच-सहा गल्ल्यांत शहरातली सगळी बिघडलेली पोरं राहायची, हा शब्द सत्यम यांचाच. कवी, नाटकवाले, चित्रकार, सायक्लोस्टाइलवर मासिकं काढणारे, घरून पळून आलेले, नोकरी सोडलेले. मुलं-मुली एकत्र काम करतात म्हणून त्यांना कुणी घर भाड्यानं देत नसे. सत्यम यांच्या वडिलांनी त्यांना ही गच्ची तालमीला दिली. भाडं नाही, अट एकच: मारामारीचा प्रसंग असेल तर दुपारी करू नये, गिऱ्हाइकं झोपलेली असतात.

"पुलीस भी इधरच आते थे, शायर भी इधरच," ते म्हणाले. "चाय दोनों को मैंच पिलाया."

आता गच्चीवर पाण्याच्या दोन काळ्या टाक्या आणि वाळत घातलेल्या चादरी आहेत. खालच्या गल्लीतून पाठीवर बॅगा अडकवलेली पोरं मोठ्या वाचनालयाकडे चालली होती. स्पर्धा परीक्षांची सगळी दुनिया आता इथे आली आहे. भिंतींवर कवितांच्या जागी क्लासेसच्या जाहिराती आहेत. मला वाईट वाटलं आणि मग वाटलं की आपण कोण वाईट वाटून घेणारे, मी त्या वयात बँकेच्या परीक्षेचीच घोकंपट्टी करत होतो.

दुपारी कोपऱ्यावरच्या मेसमध्ये जेवलो. पानावर भात, त्यावर तूप, त्यावर चमचाभर तिखट पूड, आणि वाढणारा तुमच्याकडे पाहत उभा राहतो, डोळ्यांत पाणी येतं का ते बघायला. आलं. मग त्यानं न विचारता दही आणलं. एकशे तीस रुपयांत हे सगळं, संध्याकाळचीही भूक मारून.

चार वाजता बायकोनं दिलेले तिळाचे लाडू आणि खांद्याला झोळी एवढंच घेऊन मी ताईकडे निघालो. लॉजपासून सात मिनिटं. एका जुन्या अपार्टमेंटचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. जिन्यात प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी दारात उभं होतं आणि माझ्याकडे पाहून हसत होतं. मला कारण कळलं नाही.

ताईनं दार उघडलं. केस पूर्ण पांढरे, गुडघ्याला पट्टा, अंगावर खादीची साडी. माझा चेहरा तिनं दोन्ही हातांत धरला. मग तिनं माझ्या मागे, जिन्याकडे पाहिलं.

"सामान कुठंय? खालीच ठेवलास का? यादगिरी, जा जरा, बॅग घेऊन या."

"बॅग लॉजवर आहे," मी म्हणालो. "इथंच, मागच्या गल्लीत. तुला त्रास नको म्हणून."

यादगिरी चपला घालत होता, तो थांबला. ताईचे हात खाली आले. ती काही रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"हौ," ती म्हणाली. "बरोबर आहे. बसा, बाळासाहेब."

त्या क्षणापासून मी पाहुणा झालो. काचेच्या कपाटातले फुलांचे कप निघाले. चहा ट्रेमधून आला. "साखर बरोबर आहे ना? प्रवास ठीक झाला? मुलगा काय करतो आता?" बँकेत नवा साहेब आला की आम्ही याच आवाजात बोलायचो. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. तिथे एक खाट दिसत होती, तिच्यावर कडक इस्त्रीची नवी चादर, पायथ्याला घडी केलेला टॉवेल आणि शेजारी स्टुलावर झाकण घातलेला तांब्या. मच्छरदाणीची दोरी खिळ्याला बांधून तयार होती.

"ताई, मला वाटलं..."

"बाबापण लॉजवरच उतरले होते," ती कप उचलत म्हणाली.

बाबा कधी हैदराबादला आले होते हे मला माहीतच नव्हतं. लग्नानंतर चार वर्षांनी, ती म्हणाली. काचीगुड्याला लॉजवर उतरले, पत्ता शोधत आले, दारात उभे राहून तिला पाहिलं. आत आले नाहीत. पाण्याचा पेला तसाच तिच्या हातात राहिला. गाडीची वेळ झाली म्हणाले आणि गेले.

"आपल्या घरचं माणूस आलं की लॉजवर उतरतं. मला सवय आहे. लाडू छान झालेत हं. तुमच्या मिसेसना सांगा."

सहा वाजता तिनंच मला उठवलं. "उजेड आहे तोवर निघा. गल्लीत खड्डे आहेत." यादगिरी मला फाटकापर्यंत सोडायला आला.

दुसरा दिवस

इराणी हॉटेलात सकाळचा चहा आणि उस्मानिया बिस्किटं, हे हैदराबादला जाणाऱ्याला कुणीही सांगेल, म्हणून मी वेगळं सांगतो: संध्याकाळी हिमायतनगरच्या कडेला बायका चुली मांडून ज्वारीच्या भाकरी थापतात, त्या खा. पण त्या सकाळी माझं लक्ष खाण्यात नव्हतं हे प्रामाणिकपणे लिहायला हवं. दोन बिस्किटं बशीत तशीच राहिली.

यादगिरीचं झेरॉक्सचं दुकान वाचनालयाच्या जवळ आहे. तीन यंत्रं, भिंतभर नोट्सचे गठ्ठे, आणि कोपऱ्यात फडक्याखाली झाकलेली खिळ्यांची जुनी पेटी. मला पाहून त्यानं स्टूल पुढे केलं.

"बैठो, बामर्दी." तेलुगूत मेहुण्याला बामर्दी म्हणतात. अडतीस वर्षांत मला ही हाक मारायची त्याला पहिल्यांदाच संधी मिळाली होती.

"ताई फार रागावली आहे?"

"गुस्सा नै," तो एका मुलाच्या नोट्सची पानं जुळवत म्हणाला. "तीन दिनां से वो पलंग ढूंढ रही थी. नीचेवालों से पलंग ली, सामनेवाली से गद्दा. पूरे बिल्डिंग को बोली, मेरे पुट्टिल्लु से लोगां आ रहे, रहने कू आ रहे."

पुट्टिल्लु म्हणजे माहेर. जिन्यातल्या हसऱ्या चेहऱ्यांचा अर्थ मला झेरॉक्सच्या दुकानात कळला.

"इस बिल्डिंग में हर औरत के भाई आते," तो म्हणाला. "संक्रांत कू आते, चार दिन पड़े रहते, टीवी देखते, झगड़ा करके जाते. इसका कोई नै आया. कल शाम कू सबने देखा, भाई आया, चाय पीया, चला गया."

त्यानं सल्ला काही दिला नाही. मुलाला नोट्स दिल्या, पुढच्याचे कागद घेतले. मी थोडा वेळ बसलो. माझ्या डोळ्यांत आलेलं पाणी त्यानं पाहिलं असणार, पण मेसमधल्या दह्यासारखा काही उपाय त्याच्या दुकानात नव्हता.

लॉजवर येऊन मी बॅग भरली. तीन रात्रींचं बुकिंग होतं. किल्ली टेबलावर ठेवल्यावर सत्यम यांनी कारण विचारलं नाही. नाव मात्र विचारलं. "बहन का नाम क्या बोले?" मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"शैला? यादगिरी की शैला? सर, वो चार महिने इधर रही, गच्चीवाले कमरे में. शादी के बाद कोई घर नै देता था." मग त्यांनी रजिस्टर मिटलं. "कल बोलते तो मैं आपको रूमच नै देता."

साडेअकराला मी बॅग घेऊन ताईच्या इमारतीत शिरलो. चाकाची बॅग तीन जिने वर नेताना जेवढा आवाज करता येईल तेवढा केला, खोटं कशाला बोलू. दाराला कुलूप होतं. मी सर्वांत वरच्या पायरीवर बॅग शेजारी उभी केली आणि बसलो.

समोरचं दार उघडलं. हातात भाजीची परात घेतलेल्या बाई. "कौन होना आपको?"

"शैलाताईचा भाऊ. तम्मुडू. परभणीहून आलोय."

"कल आए थे ना? चले गए थे."

"काल नुसता आलो होतो," मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. "आज राहायला आलो. चार दिन."

बाईंनी बॅगेकडे पाहिलं आणि परात खाली ठेवून जिन्याच्या कठड्यावरून खाली हाक मारली. तेलुगूतलं मला एवढंच कळलं: शैलक्का, तम्मुडू. पुढच्या तासाभरात मी पाच बायकांना आणि एका निवृत्त पोस्टमास्तरांना तेच उत्तर दिलं. दरवेळी थोडं मोठ्यानं. चोपन्न वर्षांचा माणूस, टक्कल पडलेलं, जिन्यात बसून सगळ्यांना सांगतोय की मी बहिणीकडे राहायला आलोय. लाज वाटत होती आणि हवीशीही वाटत होती.

ताई एक वाजता आली. हातात कापडी पिशवी, एकेक पायरी कठड्याला धरून चढत होती. खालच्या मजल्यावरच तिला बातमी लागली असणार, कारण वर येईपर्यंत तिचा चेहरा तयार होता.

"काय झालं? लॉजवाल्यांनी हाकललं?"

"हो," मी म्हणालो. "सत्यमनी."

तिचा ओठ हलला. पण ती सहज विरघळणारी नाही, कधीच नव्हती.

"पलंग परत केला मी सकाळी. गद्दापण. खाली सतरंजीवर झोपावं लागेल. माझ्याकडं एसी-बिसी नाही."

"लॉजवरपण नव्हता."

"मग आत ये, बाळ्या. दारात कामून बसलास?"

मी आत गेलो आणि मोरीत तोंड धुवायच्या निमित्तानं भरपूर रडलो.

तिसरा आणि चौथा दिवस

पाहण्याची ठिकाणं या दिवसांत फार झाली नाहीत. चारमिनार मी लांबून पाहिला. यादगिरीनं सकाळी सर्वपिंडी केली. आपल्या थालीपिठाची ही तेलंगणातली बहीण, पातेल्यातच थापतात आणि बोटानं भोकं पाडतात. ती खाऊन ताईनं गुडघ्याचा पट्टा आवळला आणि मला तिची गल्ली दाखवायला नेलं.

हा फेरफटका तुम्हाला कुठल्या माहितीपुस्तकात मिळणार नाही. एका मेट्रोच्या खांबापाशी थांबून ती म्हणाली, इथे वडाचं झाड होतं, त्याखाली आम्ही हुंड्यावरचं नाटक करायचो, मी सासू. एका मोबाईलच्या दुकानापाशी: इथे चहावाला उधारी द्यायचा, आणि कविता ऐकवली तर मात्र द्यायचा नाही. लॉजसमोर आलो तर गॅलरीतून सत्यम यांनी हात जोडले आणि तिनं खालूनच विचारलं, "क्या सत्यम, मेरे भाई कू लूटे क्या?"

वाचनालयाच्या कट्ट्यावर शंभरेक पोरं माना खाली घालून वाचत होती. मी तिला विचारलं, हे पाहून त्रास होतो का? एवढी नाटकं केलीत, शेवटी उरले गाइड आणि नोट्स.

"आम्ही नोकऱ्या नको म्हणायचो," ती म्हणाली. "ह्यांना नोकरी पाहिजे. आम्हाला घर सोडायचं होतं, ह्यांना घरी पैसे पाठवायचेत. कुणाला नावं ठेवू? मला जे पाहिजे होतं ते मी केलं, बाळ्या. फक्त त्याच्यासाठी माहेर द्यावं लागेल असं वाटलं नव्हतं."

मी पत्रिकेबद्दल बोललो. तिथेच, कट्ट्यावर, पोरांच्या मध्ये बसून. माफ कर म्हणालो. "मला कळलं होतं लग्नाचं," ती म्हणाली. "त्या दिवशी मी पुरणपोळी केली होती. यादगिरीला फार आवडली."

निघायच्या दिवशी दोघं काचीगुड्याला सोडायला आले. गाडी फलाटाला लागलेली होती. मी म्हणालो, "ताई, उन्हाळ्यात परभणीला चल. दोघंही."

"कुणी न्यायला आल्याशिवाय लेक माहेरी जात नाही."

"मग मी आलोच होतो की."

"तू फिरायला आलतास. ब्लॉग लिहायला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, थट्टाही नव्हती. "मुराळी होऊन ये. मग बघू."

घरी

वाचकांच्या उपयोगासाठी: पथनाट्यवाल्यांची ती गल्ली जरूर पाहा, वाचनालयाच्या आसपास पायीच हिंडा, थंडीत जा. चार दिवसांचा माझा खर्च तिकिटासकट साडेतीन हजारांच्या आत होता. तो कमी का झाला हे तुम्ही वर वाचलंच आहे.

मी अजून लॉजवर राहतो आणि राहीन. अनोळखी गावात आठशे रुपयांची खोली ही मला आवडणारी गोष्ट आहे, आणि चिक्कडपल्लीचा तो लॉज खरोखर चांगला आहे, ज्या मुलीला कुणी घर दिलं नाही तिला त्यानं चार महिने छप्पर दिलं. आम्ही तेवढंही दिलं नव्हतं. पण 'कुणाला त्रास द्यायचा नाही' हे वाक्य मी ब्लॉगच्या वरच्या पट्टीतून काल काढून टाकलं. त्यातला समजूतदारपणा निम्मा होता, बाकी भीती होती.

ताईनं हो म्हटलेलं नाही. फोनवर विषय काढला की ती ज्वारीचा भाव विचारते. काल मी स्टेशनवर जाऊन मे महिन्याची तिकिटं काढली, परभणी ते काचीगुडा एक आणि काचीगुडा ते परभणी तीन. बायकोनं ती हातात घेऊन पाहिली.

"त्या यायच्या नाही म्हणाल्या तर?"

"तर पुन्हा जाईन," मी म्हणालो. तिनं तिकिटं देव्हाऱ्यात ठेवली आणि वरच्या फळीवरच्या गाद्या उन्हात घालायला काढल्या.